दही, कॅप्सूल आणि गर्भधारणा : योनिमार्गातील जिवाणूंविषयी एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे : विचारणाऱ्या ताईंचे वय 33 वर्षे असून त्या आणि त्यांचे यजमान दोन वर्षांपासून मूल व्हावे म्हणून प्रयत्न करीत आहेत. त्यांना अधूनमधून अंगावरून पांढरे जाते आणि पाळी संपल्यावर काही दिवस वास येतो. एका ठिकाणी केलेल्या तपासणीत लॅक्टोबॅसिलस जिवाणू कमी असल्याचे आणि योनिमार्गाचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितके आम्ल अधिक) 5 असल्याचे सांगून सहा महिन्यांच्या प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल लिहून दिल्या आहेत आणि त्यांपैकी एका महिन्याचा डबा घरी आलाही आहे. सासूबाई रोज दही खायला सांगतात आणि एका मैत्रिणीने दही आतून लावण्याचा सल्ला दिला आहे. गर्भ न राहण्याचे कारण हेच असावे का आणि हा कोर्स पूर्ण केल्यावर गर्भ राहील का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, आधी सरळ उत्तर देते आणि मग त्यामागची कारणे सांगते. तुम्हाला होणारा त्रास खरा आहे, त्यावर उपचार घ्यायलाच हवेत आणि ते उपचार अवघड नाहीत. परंतु दोन वर्षे गर्भ न राहण्याचे कारण म्हणून केवळ या अहवालाकडे बोट दाखवता येत नाही आणि वयाच्या 33 व्या वर्षी सहा महिने फक्त कॅप्सूल घेत थांबा, असे मी माझ्या कोणत्याही रुग्णाला सांगणार नाही. तुमच्या पत्रात यजमानांच्या वीर्यतपासणीचा आणि तुमच्या गर्भनलिकांच्या तपासणीचा कोठेही उल्लेख नाही, याची मला त्या अहवालापेक्षा अधिक काळजी वाटते.

निरोगी योनिमार्ग निर्जंतुक नसतो, हे प्रथम लक्षात घ्यावे. 1892 मध्ये आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञांनी योनिस्रावात आम्ल तयार करणारे लांबट जिवाणू असतात आणि ते उपकारक असतात, असे दाखवून दिले. आज आपण ज्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतो ते हेच होत. वयात आल्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठू लागते, ती विघटित होऊन या जिवाणूंना खाद्य मिळते आणि ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. या आम्लामुळे तेथील सामू साधारण 3.8 ते 4.5 इतका राहतो आणि त्या आंबटपणात इतर उपद्रवी जिवाणूंना वाढता येत नाही. आपल्याकडे विरजण लावणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ही गोष्ट वेगळ्या रूपात ठाऊक असते. विरजण कितीही चांगले असले तरी दूध गार असेल तर दही लागत नाही. योनिमार्गातही बाहेरून आणलेला जिवाणू टिकायचा असेल, तर त्याला लागणारे संप्रेरक, खाद्य आणि आम्ल तेथे असावे लागते. प्रोबायोटिकविषयी पुढे जे सांगणार आहे ते बरेचसे यावरच अवलंबून आहे.

सर्व लॅक्टोबॅसिलस सारखे नसतात, हेही समजून घेणे आवश्यक आहे. 2011 मध्ये उत्तर अमेरिकेतील 396 निरोगी स्त्रियांच्या योनिस्रावाची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली आणि त्यात जिवाणूंच्या वसाहतींचे पाच प्रकार आढळले. चार प्रकारांत क्रिस्पॅटस, गॅसेरी, आयनर्स आणि जेनसेनी यांपैकी कोणत्या तरी एका लॅक्टोबॅसिलसचे प्राबल्य होते. उरलेल्या प्रकारात लॅक्टोबॅसिलस कमी होते आणि ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या अनेक जिवाणूंची सरमिसळ होती, तरीही त्या स्त्रियांना कोणतीही तक्रार नव्हती. अशा स्त्रियांचे प्रमाण सुमारे चौथा हिस्सा इतके होते आणि ते वंशगटानुसार बदलत होते. क्रिस्पॅटस हा सर्वांत स्थिर पहारेकरी मानला जातो, तर आयनर्स वेळ आली की शेजार बदलू देणारा आहे. म्हणून ‘लॅक्टोबॅसिलस कमी’ एवढ्या दोन शब्दांवरून कोणाला आजारी ठरवता येत नाही आणि ‘लॅक्टोबॅसिलस भरपूर’ एवढ्यावरून कोणाला निश्चिंतही करता येत नाही.

सामूच्या आकड्याबाबतही तसेच आहे. बाह्यरुग्ण विभागात मी योनिमार्गाच्या बाजूच्या भिंतीवरील स्राव पट्टीवर घेते. पिवळी पट्टी हिरवट झाली की आम्ल कमी झाले, एवढेच ती सांगते. आदल्या रात्री संबंध आला असेल, पाळीचे थोडे रक्त असेल, बीजकोशातून बीज सुटण्याच्या सुमारास गर्भाशयमुखाचा पातळ स्राव भरपूर असेल किंवा तपासणीसाठी जेल वापरले असेल, तरी पट्टी हिरवी होते, कारण वीर्य, रक्त आणि तो स्राव हे सर्व अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, आहेत. म्हणूनच 1983 पासून आम्ही चार गोष्टी पाहतो : पातळ, एकसारखा, राखाडी-पांढरा स्राव; 4.5 च्या वर सामू; स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा माशासारखा वास; आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या, कडा पुसट झालेल्या पेशी. यांतील तीन असतील तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे आम्ही बोलताना ज्याला बीव्ही म्हणतो, तो विकार आहे असे मानतो. त्या पेशी एकदा पाहिल्या की विसरता येत नाहीत : निरोगी पेशीची कड कापलेल्या कागदासारखी स्वच्छ असते आणि बीव्हीमध्ये तिच्यावर जिवाणूंचा इतका थर बसलेला असतो की कड रवाळ, वाळू चिकटल्यासारखी दिसते. काचपट्टीवर रंग देऊन शून्य ते दहा गुण देण्याची न्यूजेंट पद्धत 1991 पासून वापरात आहे. सात किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे बीव्ही. या दोन्ही पद्धती स्वस्त असून जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होऊ शकतात.

तुम्ही लिहिलेली लक्षणे बीव्हीशी जुळणारी आहेत. पाळीचे रक्त अल्कधर्मी असल्याने पाळीनंतर वास वाढणे हे या विकारात नेहमी दिसते. बीव्हीमध्ये खाज आणि लाली सहसा नसते. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि असह्य खाज असेल तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता अधिक असते आणि त्यात सामू बहुधा नेहमीसारखाच राहतो. हा फरक सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे ‘धुपणी’, ‘पांढरे जाणे’, ‘श्वेतप्रदर’ या एकाच नावाखाली सर्व काही जाते आणि औषधाच्या दुकानातून तीन औषधांचे किट घेऊन एकदम गिळले जाते. पाळीच्या मध्यावर येणारा, अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा तार धरणारा स्राव तर आजारच नव्हे. ते बीज सुटण्याचे लक्षण असून मूल हवे असणाऱ्या जोडप्यासाठी ते महिन्यातील सर्वांत उपयोगी दिवस असतात. त्याच दिवसांत ‘संसर्ग झाला’ असे समजून संबंध टाळणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत आणि त्यांना हे कोणी सांगितले नव्हते याचे मला फार वाईट वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. या जिवाणूंचा गर्भधारणेशी संबंध आहे का? आहे, परंतु तो ज्या मार्गाने आहे असे सांगितले जाते त्या मार्गाने तो नाही. अनेकींना वाटते की योनिमार्ग आंबट असेल तर शुक्राणू मरतात आणि आंबटपणा गेला तर गर्भ राहणार नाही. म्हणजे दोन्हीकडून भीती. प्रत्यक्षात वीर्य अल्कधर्मी असल्याने संबंधानंतर काही सेकंदांतच योनिमार्गाचा सामू सातच्या आसपास जातो आणि सशक्त शुक्राणू काही मिनिटांत गर्भाशयमुखाच्या स्रावात शिरतात. त्यामुळे गर्भधारणेसाठी खाण्याच्या सोड्याने धुणे किंवा लिंबू-व्हिनेगरने धुणे, दोन्ही निरर्थक आणि अपायकारक आहे.

खरा संबंध वरच्या दिशेने जाणाऱ्या संसर्गाचा आहे. बीव्हीमधील जिवाणू गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावाचे संरक्षण विरघळवणारी विकरे (एन्झाइम) तयार करतात, तेथे सौम्य दाह टिकून राहतो आणि क्लॅमिडिया व गनोरियासारख्या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांना वाट सोपी होते. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच जाणवत नाही आणि काही वर्षांनी गर्भनलिका चिकटलेल्या आढळतात. वंध्यत्वाच्या तपासणीत ज्यांच्या नलिका खराब निघतात त्यांच्यात बीव्हीचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते, ते बहुधा याच कारणाने. याशिवाय गर्भाशयाच्या अस्तरातील जुनाट दाह गर्भ रुजण्यात अडथळा आणू शकतो, असा विचारही गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे.

टेस्ट ट्यूब बेबी उपचारांतील अभ्यास मात्र नीट वाचले पाहिजेत, कारण सध्या त्यांचाच हवाला देऊन कॅप्सूल आणि महागड्या तपासण्या विकल्या जातात. 2016 मध्ये डेन्मार्कमधील एका अभ्यासात, योनिमार्गातील जिवाणूंचे संतुलन बिघडलेल्या 22 स्त्रियांपैकी केवळ दोघींना गर्भ राहिला. त्याच वर्षी स्पेनमधील संशोधकांनी 35 स्त्रियांच्या गर्भाशयातील द्रव तपासून, लॅक्टोबॅसिलस 90 टक्क्यांहून कमी असलेल्यांत गर्भ रुजण्याचे प्रमाण कमी असल्याचे मांडले. हे आकडे लहान होते, तरी आम्हा सर्वांना त्यातून आशा वाटली, मलाही वाटली. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. खरे उत्तर उपचार करून पाहिल्यावरच मिळते. तेही डेन्मार्कमध्येच पाहिले गेले. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असंतुलन असलेल्या तीनशेहून अधिक स्त्रियांचे तीन गट केले गेले : एका गटाला क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक आणि नंतर क्रिस्पॅटस जिवाणू, दुसऱ्याला फक्त क्लिंडामायसिन आणि तिसऱ्याला औषधासारखे दिसणारे परंतु औषध नसलेले पदार्थ दिले गेले. तिन्ही गटांत गर्भधारणेचे प्रमाण 42 ते 46 टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. ज्या जिवाणूला आपण सर्वोत्तम मानतो तो थेट योनिमार्गात देऊनही फरक पडला नाही. यापुढे अधिक नेमके उपचार निघतीलही, परंतु आजच्या घडीला ‘प्रोबायोटिक घेतले की गर्भ राहतो’ असे कोणी सांगत असेल, तर त्याला हा आधार नाही.

प्रोबायोटिकचा उपयोग कोठे दिसतो, तर बीव्ही परत परत होण्यामध्ये. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत 228 स्त्रियांना मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या उपचारानंतर योनिमार्गात क्रिस्पॅटसची विशिष्ट उपजात किंवा निष्क्रिय पदार्थ दिला गेला. बाराव्या आठवड्यापर्यंत पहिल्या गटात 30 टक्के आणि दुसऱ्या गटात 45 टक्के स्त्रियांना बीव्ही पुन्हा झाला. हा लाभ खरा आहे, परंतु तो आधी प्रतिजैविक देऊन, विशिष्ट उपजात, विशिष्ट मात्रेत आणि थेट योनिमार्गात दिल्यावर मिळालेला आहे. तोंडाने घेतलेले जिवाणू आतड्यातून गुदद्वारापर्यंत आणि तेथून योनिमार्गापर्यंत पोहोचावेत अशी कल्पना आहे. ऱ्हॅम्नोसस आणि रॉयटेरी यांच्या दोन उपजातींवर कॅनडातील संशोधकांनी बरेच काम केले आहे, परंतु निष्कर्ष एकमुखी नाहीत.

म्हणून तुमच्या घरी आलेल्या डब्याच्या मागील बाजू वाचा. भारतात प्रोबायोटिक अन्नपूरक म्हणून विकले जातात आणि नियमानुसार रोजच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. मात्र ते कोणते, हे अधिक महत्त्वाचे आहे. एका रुग्णाने पिशवीभर डबे माझ्या टेबलावर मांडले होते, आठ महिन्यांचे. त्यांतील अर्ध्या डब्यांवर ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजीन्स’ असे छापलेले होते. हे नाव जुने आणि चुकीचे आहे. तो जिवाणू प्रत्यक्षात बॅसिलस कोॲग्युलन्स असून पोटाच्या तक्रारींवर दिला जातो, योनिमार्गातील रहिवासी तो नव्हे. त्या आठ महिन्यांत तिच्या पतीची वीर्यतपासणी मात्र झालेली नव्हती. ती केली, तेव्हा शुक्राणूंची संख्या अत्यंत कमी निघाली. तिने केलेला खर्च मला तितका खुपला नाही, जितका ‘माझ्यातच घाण आहे’ हा त्या आठ महिन्यांतील तिचा समज खुपला.

सासूबाईंच्या दह्याबद्दल म्हणाल, तर ते अवश्य खा; पोषणासाठी आणि पचनासाठी ते उत्तम आहे. मात्र दह्यातील जिवाणू दुधात वाढणारे आहेत, योनिमार्गात वस्ती करणारे नाहीत. दही आतून लावू नका. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आणि कोणती बुरशी आहे हे कोणालाच ठाऊक नसते. तुरटीचे पाणी, कडुनिंबाचा काढा, जंतुनाशक द्रावण, सुगंधी वॉश यांनी आतून धुणेही पूर्णपणे थांबवा. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. वास येतो म्हणून धुवायचे, धुतल्याने लॅक्टोबॅसिलस वाहून जायचे आणि म्हणून वास वाढायचा, या चक्रात अडकलेल्या किती तरी स्त्रिया दररोज भेटतात.

उपचाराविषयी आता नेमके सांगते. प्रत्यक्ष तपासणीत बीव्ही ठरला, तर साधारणतः मेट्रोनिडाझोलच्या 400 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा सात दिवस किंवा योनिमार्गात लावण्याचे जेल अथवा क्लिंडामायसिन क्रीम दिले जाते. गोळ्या तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या आणि दोन दिवसांत बरे वाटले तरी मध्येच सोडू नका. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक व प्रजनन मार्गाच्या संसर्गांसाठीचा विभाग) ही तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. तेथे जाण्यात कोणताही कमीपणा नाही. बीव्ही वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना पुन्हा होतो, कारण गार्डनेरेला हा जिवाणू अस्तरावर चिकट थर करून बसतो आणि औषधाने तो थर पूर्ण निघत नाही. याचे दुसरे कारण 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातील चाचणीतून पुढे आले. ज्या जोडप्यांत पतीलाही सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगाच्या त्वचेवर लावण्यासाठी क्लिंडामायसिन क्रीम दिले गेले, त्यांच्यात बारा आठवड्यांत बीव्ही परतण्याचे प्रमाण 35 टक्के होते. फक्त पत्नीवर उपचार झालेल्यांत ते 63 टक्के होते. माझ्या मते गेल्या काही वर्षांतील या विषयातील हा सर्वांत उपयोगी निष्कर्ष आहे. तुमचा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर यजमानांच्या उपचाराविषयी डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

गर्भाशयातील जिवाणूंची जनुकीय तपासणी करून घेण्याचा आग्रह कोणी केला, तर तूर्त नकार द्या. युरोपातील मानवी पुनरुत्पादन तज्ज्ञांच्या संस्थेने 2023 मध्ये वारंवार गर्भ न रुजणाऱ्या स्त्रियांसाठी दिलेल्या मार्गदर्शनातही ती सुचवलेली नाही. अस्तरातील जुनाट दाहाची तपासणी मात्र विचारात घेण्याजोगी मानली आहे. आपल्या देशात अस्तराचा तुकडा तपासायचाच असेल, तर क्षयरोगाचा विचार आधी व्हावा. जननेंद्रियांचा क्षय हे भारतातील गर्भनलिका बंद होण्याचे मोठे कारण आहे आणि त्यात खोकला किंवा ताप असेलच असे नाही.

त्यामुळे येत्या महिन्याचा क्रम असा ठेवा. बीव्हीची खात्री करून उपचार या आठवड्यातच घ्या. ही घाई करण्याचे एक खास कारण आहे : गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहण्यासाठी गर्भाशयात औषध सोडून जो एक्स-रे काढतात, तो पाळी थांबल्यानंतर आणि बीज सुटण्यापूर्वी, म्हणजे साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान केला जातो. खालचा संसर्ग तसाच ठेवून तो केला, तर जंतू नलिकांपर्यंत ढकलले जाण्याचा धोका असतो. तुमच्यासाठी योनिमार्गातील जिवाणूंचा प्रजननाशी सर्वांत थेट संबंध कोठे येत असेल, तर तो येथे. त्याच काळात यजमानांनी दोन ते सात दिवसांच्या अंतरानंतर वीर्यतपासणी करून घ्यावी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो आणि ही तपासणी सर्वांत सोपी व वेदनारहित आहे. तुमच्या थायरॉइडची व बीजकोशातील साठ्याची रक्ततपासणी आणि एक सोनोग्राफीही व्हावी. फॉलिक ॲसिड सुरू नसेल तर आजपासून सुरू करा.

घरी आलेल्या डब्याचे काय करायचे, हेही सांगते. त्यावर उपजातीचे नाव आणि जिवाणूंची संख्या स्पष्ट असेल आणि तुमची रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा कोणताही आजार नसेल, तर बीव्हीच्या गोळ्या संपल्यावर तो महिनाभर घ्यायला माझी हरकत नाही. अपाय होण्याची शक्यता फारच कमी आहे. पुढचे पाच डबे मात्र आणू नका आणि नलिकांच्या तपासणीची किंवा यजमानांच्या तपासणीची तारीख त्या डब्यासाठी एक दिवसही पुढे ढकलू नका.